पगडीचा रंग बरोबर, बाकी सगळं चूक

तर मंडळी, या शनिवारी जरा भांडायचंय. 'हिस्टॉरिकली अ‍ॅक्युरेट' हा शब्द गेमची मॉड बनवणारी आपली मंडळी ज्या अर्थाने वापरतात, तो मला मुळातच मान्य नाही. यांची अचूकता म्हणजे काय? पगडीचा पीळ बरोबर, अंगरख्याची गाठ उजवीकडे की डावीकडे, तलवारीची मूठ अस्सल. त्यावर तीन-तीन महिने घालवतात. मग युनिटला नाव देतात 'मराठा लाइट कॅव्हलरी', हातात भगवा झेंडा, हल्ला ९, बचाव ६. झालं. एक युनिट, अख्खं अठरावं शतक!

परकी फौज विरुद्ध आपली फौज असेल तर हे खपूनही जातं. यादवी युद्ध करायला घ्या, की पितळ उघडं पडतं. आणि त्यासाठी अमेरिकेच्या निळ्या-करड्या गणवेशांकडे जायची काही गरज नाही, आपल्या वऱ्हाडातच यादवी झाली आहे. १७७२ मध्ये नागपूरकर जानोजी भोसले वारले. त्यांना मूल नव्हतं, त्यांनी धाकट्या भावाचा, म्हणजे मुधोजीचा मुलगा रघूजी दत्तक घेतला होता. दुसरा भाऊ साबाजी म्हणाला, सेनासाहेबसुभा मी. जानोजींची बायको दर्याबाई सुरुवातीला साबाजीच्या बाजूने. १७७३ मध्ये अकोल्याजवळ कुंभारीला दोघा भावांच्या फौजा भिडल्या, निकाल काही लागला नाही. पुण्यात राघोबादादा मुधोजीच्या मागे, तर बारभाई साबाजीच्या. शेवट झाला २६ जानेवारी १७७५ ला, नागपूरजवळ पाचगावला.

आता सांगा, या दोन फौजांना वेगवेगळे कपडे कुठून आणणार? तेच घोडे, तेच भाले, तेच बाण (म्हणजे अग्निबाण, रॉकेट), झेंडाही तोच. कालपर्यंत एकाच पंगतीला जेवलेले लोक. एका बाजूला हिरवा रंग आणि दुसऱ्या बाजूला लाल रंग दिला की खेळणाऱ्याला सोपं जातं हे खरं, पण भाऊबंदकीतली खरी भानगड हीच तर होती, की समोरचा ओळखीचा आहे आणि उद्या तिकडे गेलं तरी काही बिघडत नाही.

मग युनिटमध्ये फरक कशाने पडतो? माझ्या मते घोडा कोणाचा आणि पगार कोण देतो, याने. बारगीर सरकारी पागेच्या घोड्यावर बसतो. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, तो मेला तर शिलेदाराची रोजी-रोटी मेली. असा माणूस तोफेच्या तोंडी सरळ चार्ज करेल का हो? तो धाडी घालेल, रसद तोडेल, आणि अंगाशी आलं की निघून जाईल. इंग्रज लेखक त्याला भित्रा म्हणतात. मी म्हणतो, तो हिशेबी आहे. आपल्याकडे ज्याच्या नावावर ट्रॅक्टरचं कर्ज आहे तो ट्रॅक्टर नाल्यात घालत नाही, तसंच. पेंढाऱ्याला तर पगारच नाही, लूट हाच पगार. आणि अरब पायदळ महाग, पण ठाम. १८१७ च्या डिसेंबरात खुद्द आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या स्वाधीन झाल्यावरही नागपुरात अरब लढत राहिले आणि महिनाअखेरीस आपल्या अटी मान्य करून घेऊनच बाहेर पडले. राजा शरण, शिबंदी नाही! हे कुठल्या गेममध्ये होतं?

'मेडिएव्हल टू' उघडून बघा. युनिटच्या फाइलमध्ये प्रत्येकाच्या देखभालीचा आकडा असतो. पण खजिना उणे झाला तरी सैन्य जागचं हलत नाही, फक्त नवी भरती बंद. गारदी हसतील हो! १७७३ मध्ये शनिवारवाड्यात ते थकलेल्या पगाराचा तगादा लावतच घुसले होते, आणि नारायणराव पेशव्यांचा जीव गेला.

मोरालचा आकडाही तसाच. एकदा लिहिला की कायमचा. २९ नोव्हेंबर १८०३ ला आपल्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला काय झालं? असईला दोनच महिन्यांपूर्वी तोफांसमोर टिकलेल्या कंपनीच्या पलटणी इथे भोसल्यांच्या तोफा सुरू होताच पळत सुटल्या. वेलस्लीने स्वतः जाऊन त्यांना परत रांगेत उभं केलं. माणसं तीच, बंदुका त्याच. मग तो आकडा ९ लिहायचा की ३?

यावर ठरलेलं उत्तर येतं, "अरे गेम आहे, पीएचडी नाही." मान्य. मग पहिल्या पानावर 'अचूक' लिहू नका ना भाऊ. सरळ 'छान कपडे' लिहा, मी स्वतः डाउनलोड करतो. आणि हे काम अवघड आहे म्हणून कोणी करत नाही, हेही मला पटत नाही. पगार थकला की निष्ठा उतरवणारी स्क्रिप्ट हे कुठल्याही सेकंड इयरच्या पोराचं काम आहे, थ्रीडी पगडीपेक्षा कितीतरी सोपं. खरं कारण वेगळं आहे. पगार, पक्षबदल, भाडोत्री अरब आणि गारदी दाखवले, तर सगळेच्या सगळे एका झेंड्याखाली एकदिलाने लढले ही आपल्याला आवडणारी गोष्ट मोडते. अहो, अडगावनंतर दोनच आठवड्यांत, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, तेव्हा तो लढवताना मेलेला भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग राजपूत होता. चिखलदऱ्याला भजी खायला जाणाऱ्या आपल्या अमरावतीच्या किती पोरांना हे माहीत आहे? ती पोरं इतिहास पुस्तकापेक्षा या गेममधूनच जास्त शिकतात, म्हणून तर एवढा त्रागा.

पाचगावचंच घ्या. मुधोजीचा हत्ती घेरला गेला, लढाई साबाजीने जवळजवळ जिंकलीच होती. तो आपला हत्ती भावाच्या जवळ घेऊन आला, आणि मुधोजीने पिस्तूल झाडलं. साबाजी ठार, आणि त्याच्या पक्षाला लढायला कारणच उरलं नाही. गेममध्ये सेनापती मेला तर उरलेल्यांचं मोराल थोडं घसरतं, आणि मग आपण अर्धा तास त्यांचा पाठलाग करत बसतो. इथे त्या क्षणी लढाई संपायला हवी आणि समोरची युनिटं आपल्या यादीत दिसायला हवीत, थकलेल्या पगारासकट.

आणि नकाशावरची गावं? वऱ्हाडात तेव्हा दोअमली होती. एकच गाव निजामालाही देणार आणि भोसल्यालाही. त्यात आता दोन भोसले! दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की दोन्ही फौजा निघायच्या, कारण तेव्हाच खरिपाचं दाणावैरण तयार होतं. घोड्यांना लागणारा कडबा काही नागपूरहून येत नाही, तो कुंभारीच्याच शेतातून उचलला जातो. सध्या मी त्या गावाच्या फाइलमध्ये कडब्याचा एक कॉलम टाकलाय. एका मोसमात दोनदा फौज गेली की तो शून्य होतो, आणि पुढच्या वर्षीचा वसूल निम्मा. टेस्टिंगला कोणी येणार असेल तर या, पगडी मात्र सगळ्यांना एकच मिळेल.