खडूनंतरचा खडू

शिक्षकी पेशात एक विलक्षण सोय आहे. दुसऱ्याला शिकविण्याचे वेतन घेणारा मनुष्य स्वतः शिकावयाचा थांबला, तरी कित्येक वर्षे ते कोणाच्या ध्यानात येत नाही. संगणकाने मात्र ही सोय आम्हा शिक्षकांकडून काढून घेतली. पडद्यासमोर बसल्यावर कोणाला काय येते, हे सहावीच्या मुलालाही क्षणात उमगते. पन्नाशी ओलांडलेले अनेक अध्यापक या यंत्रापासून चार हात दूर राहतात, त्याचे कारण आळस क्वचितच असते; बहुधा ते संकोच असते. विद्यार्थ्यासमोर विद्यार्थी होणे ही मोठी अवघड परीक्षा आहे.

गोव्यात २०२१ पासून सहावी ते आठवीच्या मुलांना संगणकाची आज्ञावली व यंत्रमानव यांचे शिक्षण देण्याची शासकीय योजना सुरू झाली. भाषेच्या शिक्षकाला वाटावे, हा गणित-विज्ञानवाल्यांचा प्रांत. आपल्याला त्याचे काय? मलाही हा प्रश्न पडला, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी मयेच्या आमच्या शाळेत शाळा सुटल्यानंतर तरुण सहकाऱ्याच्या शेजारी बसून मी हे साधन शिकू लागलो. त्या बैठकांतून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

पहिली गंमत जोडाक्षरांची. भारतीय भाषांसाठी जी ‘इनस्क्रिप्ट’ नावाची प्रमाण कळरचना आहे, तीत ‘स्त्री’ हा शब्द उमटविण्यासाठी स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार अशा क्रमाने कळा दाबाव्या लागतात. फळ्यावर वर्षानुवर्षे जोडाक्षर फोडून दाखवूनही ज्या मुलांच्या गळी ते उतरले नव्हते, त्यांना बोटांनी ते शिकविले. स्वर वजा केल्याशिवाय व्यंजन व्यंजनाला जुळत नाही, हा व्याकरणाचा नियम त्यांनी पाठ केला नाही. तो त्यांच्या हातून घडला.

दुसरी गोष्ट याहून मोठी. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत मिचेल रेझ्निक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली ‘स्क्रॅच’ नावाचे साधन मुलांसाठी खुले केले. त्यात आज्ञा टंकाव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवावयाचे, की पडद्यावरील चित्र चालू-बोलू लागते. ते विनामूल्य आहे, आणि एकदा संगणकावर उतरवून घेतले म्हणजे आंतरजालावाचूनही चालते; खेड्यातील शाळेला ही मोठीच सवड. त्याच्या मुळाशी सीमोर पेपर्ट यांचा विचार आहे. जिनिव्हात पियाजे यांच्यासमवेत काम केलेल्या या गणितज्ञाने १९६७ साली सहकाऱ्यांसह मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा सिद्ध केली. यंत्राने मुलाला चालवू नये, मुलाने यंत्राला चालवावे, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार.

आमच्या मुलांनी यासाठी विषय निवडला तो सात बहिणींचा. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, आमच्या मयेची महामाया, मोरजीची मोरजाई आणि त्यांचा भाऊ खेतोबा यांची कथा या मुलखात घरोघरी सांगितली जाते. याच बहिणींतील एक मिराबाई, तीच म्हापशाची मिलाग्रीस सायबीण, असे लोक मानतात, आणि तिच्या फेस्ताला हिंदू भाविकही तेल घेऊन जातात. मुलांनी चित्रे काढली, घरच्या आजींचे आवाज ध्वनिमुद्रित करून आणले आणि ठोकळे जोडले. पहिल्या प्रयोगात सर्व बहिणी एकदमच बोलू लागल्या! एकीचे बोलणे संपेपर्यंत दुसरीने थांबावे, अशी आज्ञा यंत्राला स्वतंत्रपणे द्यावी लागते. किती क्षण थांबावे यावर मुलांचा वाद झाला. रागावलेली बहीण लगेच बोलेल, दुखावलेली थोडी थांबेल, असे एका मुलीने सुचविले. विरामचिन्हांवर मी आजवर दिलेली सगळी व्याख्याने या एका वाक्यापुढे फिकी वाटावीत.

त्यातून आणखी एक पेच उभा राहिला. प्रत्येक आजीची कथा निराळी निघाली. भावाबहिणींचे भांडण कशावरून झाले, यावरही एकमत नव्हते. मुले विचारू लागली, “सर, खरी कुठली?” मी म्हटले, ज्या ज्या घरातून जी आली, तिच्याखाली त्या घराचे नाव लिहा. शिवाय आजी बोलल्या होत्या कोंकणीत आणि मुलांना लिहावयाचे होते मराठीत. भाषांतर करताना कित्येक शब्दांपाशी ती अडली आणि पुन्हा आजीकडे धावली.

येथे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेची आठवण होते. तेथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला व त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकात त्यांनी छापलेल्या चौकोनी संकेतचिन्हांचा सर्वत्र गवगवा झाला. परंतु त्यांच्या मुलींच्या घरची भाषा कन्नड होती, आणि त्यांनी पुस्तकातील मजकूर त्या भाषेत आणला, हे त्यामानाने कमी बोलले गेले. घरचा आवाज आणि शाळेचे अक्षर यांच्यामधील दरी त्यांनी ओळखली. यंत्र हे ती ओलांडण्याचा साकव ठरले.

यंत्राने मुले आयते घेण्यास सोकावतील, ही भीती खोटी नाही. आज कृत्रिम बुद्धिमत्ता मागाल तो निबंध क्षणार्धात लिहून देते. पण ज्या कामासाठी मुलाला आजीपाशी बसावे लागते, ते काम कोणतेही यंत्र परस्पर करून देऊ शकत नाही. तेव्हा शिक्षकाचे कौशल्य आता असे काम नेमून देण्यात आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा परिसरातील साध्यासुध्या वस्तूच शैक्षणिक साधने झाल्या. साधन स्वस्त की महाग, हा मुद्दा दुय्यम; मुलाचा हात त्यावर चालतो की नाही, हा खरा.

महाराष्ट्राबाहेर नांदणाऱ्या आपल्या घरांना हे अधिकच लागू आहे. बडोदे, इंदूर, हैदराबाद किंवा बेळगाव, कोठेही असा. आपल्या मुलांच्या वाट्याला शाळेतून येणारी मराठी थोडी आहे, किंवा मुळीच नाही. घरातील वडीलधाऱ्यांच्या जिभेवर मात्र ती अजून आहे, तिच्या त्या-त्या गावच्या हेलासकट. येत्या सुट्टीत मुलांच्या हाती दूरध्वनी द्यालच, तर एक काम नेमून द्या: आजीची एक कहाणी तिच्याच आवाजात टिपून घ्यावयाची, तिच्यासाठी चित्रे काढावयाची आणि न समजलेले शब्द तिला विचारून लिहून ठेवावयाचे.

यंत्र पुढील वर्षी बाजारात याहून चांगले मिळेल. आजीचा आवाज मात्र यंदाच टिपून घ्यावा.