सहा सुऱ्यांचं करायचं काय?

लग्नाच्या आहेरात, दिवाळीच्या भेटीत किंवा नव्या डायनिंग टेबलाच्या पाठोपाठ घरात येणारा चमच्यांचा सेट बहुधा चोवीस नगांचा असतो. सहा मोठे चमचे, सहा छोटे, सहा काटे, सहा सुऱ्या. दोन-तीन वर्षांनी ड्रॉवर उघडावा तर छोट्या चमच्यांतले काही हरवलेले, मोठे पीठ-तांदळाच्या डब्यांत मुक्कामाला गेलेले आणि सुऱ्या अजून मूळच्या पिशवीत नव्याकोऱ्या. यात दोष सेट बनवणाऱ्याचा नाही. सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडायची युरोपातली जुनी रीत एकोणिसाव्या शतकात मागे पडली आणि एकामागून एक पदार्थ आणून वाढण्याची, ‘रशियन’ म्हणवली जाणारी पद्धत तिथे रूढ झाली. सूप आलं की सुपाचा चमचा, मासा आला की त्याचे काटा-सुरी, मांसाचे पुन्हा निराळे. त्या सेटची घडण असल्याच जेवणाच्या धाटणीची आहे. आपल्या ताटात मात्र मीठ-लिंबापासून आमटीपर्यंत सगळं एकाच वेळी हजर असतं, आणि कापायचं ते विळीवर आधीच कापून झालेलं असतं. तेव्हा चमचे घेताना आधी आपलं ताट बघावं, सेट नंतर. तसं केलं तर यादी बरीच बदलते.

आधी वाटी घ्या. घरातली रोजची वाटी तोंडाशी आठ-नऊ सेंटिमीटरची असते आणि सेटमधला मोठा चमचा जवळजवळ वीस सेंटिमीटरचा. वाटी भरलेली असेपर्यंत ठीक. ती अर्ध्यावर आली की दांड्याचा भार जास्त होतो, चमचा उलटतो आणि आमटीचे शिंतोडे सदऱ्यावर. हलकी वाटी असेल तर तीच कलंडते. पंधरा-सोळा सेंटिमीटरचा, दुकानात ज्याला ‘बेबी स्पून’ म्हणतात त्याच्या आसपासचा चमचा अशा वाटीत शहाण्यासारखा बसतो. आमटीभातासाठी चमच्याचं तोंड रुंद, बेताच्या खोलीचं आणि पुढची कड पातळ हवी, म्हणजे भाताचं ढेकूळ त्याच कडेने मोडता येतं. जाड, गुळगुळीत वळवलेली कड दिसायला श्रीमंत असते, पण भात नुसता ढकलत बसते.

पण खरा पैसा घालायचा तो वाढायच्या चमच्यांवर, आणि नेमके तेच चोवीस नगांत नसतात. पंगतीत वाढणारा वेगळा असायचा; त्याचा उजवा हात स्वच्छ असायचा. टेबलावर ज्याचं त्याने वाढून घ्यायचं असतं, आणि जेवता जेवता उजवा हात खरकटा झालेला असतो. म्हणजे पळी उचलायची ती डाव्या हाताने. उष्ट्या-खरकट्याचा विचार सोवळ्याबरोबर गेला असं म्हणणारी घरंसुद्धा भाजीच्या भांड्यात स्वतःचा चमचा घालत नाहीत. त्यामुळे डाव्या हाताला जमणं ही वाढायच्या चमच्याची पहिली परीक्षा. एकाच बाजूला चोच असलेला डाव इथे नापास होतो, कारण डाव्या हाताने तो ओतायला मनगट उलटं वळवावं लागतं. उभ्या दांड्याचं जुनं ओगराळं कुठल्याही हाताने चालतं. भातवाढी पसरट आणि ताठ हवी, तुपाचा चमचा अगदी लहान, आणि प्रत्येक भांड्याला आपापला.

यावर एक आक्षेप ठरलेला: आपण हाताने जेवतो, मग हा खटाटोप कशाला? हाताने जेवावंच. पण कढी, खीर, ताकभात यांना चमचा लागतो, आणि हात थरथरणाऱ्या आजोबांना किंवा नुकतं स्वतः जेवू लागलेल्या मुलाला तर सगळ्यालाच. दुसरा आक्षेप पाहुण्यांचा. नूडल्स, पास्ता, केक हे आता घरोघरी होतात, त्यामुळे काटे हवेतच. माणशी एक घ्यावा. सुऱ्या दोन पुरतात, पावाला लोणी लावण्यापुरत्या. सगळं एकाच नक्षीचं हवं असा हट्ट असेल तर तोही पुरवता येतो, कारण भांड्यांच्या दुकानात एकाच नक्षीचे नग सुटे मिळतात. सोनेरी मुलाम्याचे चमचे मात्र तारेच्या घासणीपुढे किती टिकतील, हे भांडी घासणाऱ्या माणसाला विचारून मग घ्यावेत.

धातूच्या बाबतीत लोहचुंबक लावून पाहण्याची खोड बरीच पसरली आहे, आणि ती अर्धवट आहे. १८/८ स्टीलमध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. त्याला चुंबक सहसा चिकटत नाही. पण निकेल कमी करून मँगनीज घातलेल्या स्वस्त स्टीललाही, म्हणजे बाजारातल्या २०२ ला, तो चिकटत नाही. उलट चांगल्या सुरीचं पातं चुंबकाला चिकटतंच, कारण धार टिकवणारं कडक स्टील तसंच असतं. तेव्हा चुंबकापेक्षा नगावरचा शिक्का आणि बिलावर लिहून घेतलेला दर्जा बरा. स्वस्त स्टीलवर मिठाने लवकर बारीक खड्डे पडतात. उत्तम स्टीलचा चमचाही लोणच्याच्या बरणीत आठवडाभर रुतवून ठेवू नये. तिथे लाकडी किंवा चिनी मातीचा असावा. दांडा मधोमध दोन बोटांनी दाबून वाकतो का, तेही पाहावं. वाकला तर तो घट्ट श्रीखंडापुढे टिकणार नाही.

दुकानात जाताना घरची एक वाटी पिशवीत टाका. काउंटरवर ती ठेवा, पाणी मागून अर्धी भरा आणि चमचा आत सोडून हात काढा. मग पळी डाव्या हातात घेऊन पाहा. दुकानदार क्षणभर बघत राहील, राहू द्या. चमचे रोज वापरायचे आहेत ते तुम्हाला.