यंत्राचा योगक्षेम

संस्कृत शिकवितांना ‘योगक्षेम’ हा शब्द आला म्हणजे आम्ही मुलांस त्याची फोड करून सांगत असूं. जें आपल्यापाशीं नाहीं तें मिळविणें हा योग, आणि जें मिळालें तें संभाळणें हें क्षेम. पूर्वजांनीं हे दोन शब्द एकाच समासांत कां बांधले, हें मात्र आम्हांस स्वतःला नीट उमगलें तें शाळा सोडल्यावर, आणि तेंहि एका मोटारगाडीच्या निमित्तानें!

आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा इंग्लंडांत नोकरीस आहे. त्यानें हौसेनें एक जुनी ‘मिनी’ गाडी घेतली आणि तिची शक्ति वाढविण्याचा त्यास छंद लागला. गेल्या वर्षीं ऐन हिंवाळ्यांत एके रात्रीं, बायको व तीन वर्षांची मुलगी बरोबर असतां, हमरस्त्यावर ती गाडी धूर ओकून बंद पडली. मदत येईपर्यंत तिघें दोन तास थंडींत कुडकुडत उभीं होतीं. इंजिन उघडलें तों एका पिस्टनच्या माथ्यास आरपार भोंक! सूनबाईंनीं त्या गाडींत पुन्हां पाऊल न ठेवण्याचा निश्चय केला. बहीण आमच्याकडे येऊन म्हणाली, “अण्णा, तो तुमचं ऐकतो. ती गाडी विकून टाक म्हणावं त्याला.”

भाच्याचें म्हणणें निराळें. त्यानें लिहिलें, “मामा, आईच्या बाजूनें निकाल देण्यापूर्वीं माझे कागद तरी वाचा.” वंगण आणि वंगदेश यांतील भेदापलीकडे या शास्त्रांत आमची गति नव्हती; परंतु उलट बाजू ऐकल्यावांचून निकाल देऊं नये, हें आम्हीं जन्मभर मुलांस शिकविलें. तेव्हां वाचणें प्राप्तच झालें.

हें इंजिन मोठें कुलीन आहे. १९५१ सालीं ऑस्टिन ए-३० या गाडींत तें प्रथम आलें, तेव्हां त्याचें आकारमान ८०३ घन सेंटिमीटर आणि बळ अवघें २८ अश्वशक्ति होतें. १९५९ च्या ऑगस्टांत अलेक इसिगोनिस यांची मिनी निघाली. तींत तेंच इंजिन ८४८ घन सेंटिमीटरांचें करून आडवें बसविलें, आणि जागा वांचविण्यासाठीं गिअरपेटी त्याच्याच पोटांत, तेलाच्या तळ्यांत, ठेवली. त्या वेळीं बळ ३४. पुढें शर्यतीच्या गाड्या बांधणारे जॉन कूपर यांच्या आग्रहानें १९६१ त ५५ अश्वशक्तीची ‘मिनी कूपर’ आली. १९६३ त १०७१ घन सेंटिमीटरांची ‘कूपर एस’ सुमारें ७० वर गेली. १९६४ त १२७५ चें इंजिन ७६ वर पोंचलें. आकार दीडपटीहून थोडा अधिक वाढला, बळ मात्र पावणेतीनपटीच्या आसपास! आणि हें बळ नुसतें कागदावरचें नव्हे. १०७१ ची गाडी घेऊन पॅडी हॉपकर्क यांनीं १९६४ सालीं बर्फानें भरलेल्या घाटांतून माँटे कार्लोची रॅली जिंकली. १९६५ आणि १९६७ सालींहि तेथें मिनीच पहिली आली.

भाच्याचा प्रश्न असा कीं, कारखान्यानें ७६ काढली तर आपण १०० कां काढूं नये? त्यानें सिलिंडरांचें झांकण घासून दाब वाढविला, झडपा अधिक उघडणारा कॅम घातला आणि मोठा कार्ब्युरेटर बसविला. आमच्या भाषेंत सांगावयाचें तर हा सगळा योग झाला. क्षेमाचें खातें मात्र कोरेंच राहिलें.

इंजिन म्हणजे एक भाता. जितकी हवा आंत जाईल तितकें पेट्रोल जळतें, आणि तितकेंच बळ मिळतें. पूर्ण जोरांत चालतांना वजनानें बारा-तेरा भाग हवेस एक भाग पेट्रोल लागतें. या कार्ब्युरेटरांत तें माप एका निमुळत्या सुईनें ठरतें. भाच्यानें कार्ब्युरेटर बदलला. सुई मात्र नव्या इंजिनास जुळवून घेतली नाहीं. पेट्रोल कमी पडलें, दाब वाढलेला, आणि ठिणगीची वेळ पूर्वींचीच. मग मिश्रण शांतपणें जळण्याऐवजीं त्याचे स्फोट होऊं लागले आणि पिस्टन वितळला.

या इंजिनांत आणखी एक गोम आहे. दोन-दोन सिलिंडरांस मिळून हवेचें एकच द्वार असतें, आणि ते शेजारी लागोपाठ श्वास घेतात. एका ताटांत जेवणाऱ्या दोन भावांप्रमाणें एकाचा घास दुसरा पळवितो. म्हणून येथें खरा लाभ त्या वाटेची वळणें सुरेख करण्यांत आहे. वाट वाटेल तितकी रुंद केली तर हवेचा वेग मंदावतो आणि मिळालेलेंहि जातें.

क्षेमाचा हिशेब याहून कडक आहे. क्रँकला आधार तीनच बेअरिंगांचा. फेरे वाढले कीं ताण त्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. मिनिटास ५५०० चे ७००० केले तर पिस्टनच्या ओढीचा ताण साठ टक्क्यांहून अधिक चढतो. गिअरांचे दांते तेंच तेल रगडीत असतात, म्हणून तेल लवकर निःसत्त्व होतें. भाच्यानें तें वर्षभर बदललें नव्हतें! शिवाय जुन्या मिनीचा रेडिएटर समोर नसून बाजूस, त्यामुळें थंडाव्यास आधींच मर्यादा.

आणि कारखान्यानें काय केलें होतें? बळ वाढवितांच पुढच्या चाकांस डिस्क ब्रेक दिले. ‘एस’ साठीं सिलिंडरांच्या जागा सरकवून नवा ठोकळा ओतला. क्रँक विशेष पोलादाचा करून, अमोनिया वायूंत तापवून त्याचें पृष्ठ कठीण केलें. प्रत्येक योगामागें क्षेम उभें होतें. भाच्यानें आंकडे वाचले, त्यांच्या मागची तयारी वाचली नाहीं.

हें वाचतांना आम्हांस आमचीच एक चूक आठवली. एका हुषार मुलास आम्हीं एकाच वर्षांत तीन परीक्षांस बसविलें होतें. दोन त्यानें उत्तम दिल्या. तिसरीच्या आधीं त्यानें अंथरूण धरलें, आणि पुढें कित्येक महिने पुस्तक म्हटलें कीं तो डोळे मिटून घेई. त्याचे गुण आम्हीं रोज मोजीत होतों. झोप एकदांहि मोजली नाहीं.

तेव्हां गाडी विकून टाक असें आम्हीं भाच्यास लिहिलें नाहीं. लिहिलें तें इतकेंच: क्रम उलट कर. आधीं बेअरिंगें नवीं घाल. क्रँक, पिस्टन व त्यांचे दांडे यांचीं वजनें जुळवून घे. मग तेल आणि थंडावा. मग झांकणाच्या वाटा, सौम्य कॅम, आणि शेवटीं फिरत्या रुळांवर गाडी चढवून सुई व ठिणगी यांचें माप. मिनिटास ६५०० फेऱ्यांपुढें जाऊं नको; आणि जें येईल त्यांत समाधान मान.

या कामास त्यास सात महिने लागले. हिशेबानें ८५ अश्वशक्ति भरली. शंभर नव्हे. परंतु यंदाच्या उन्हाळ्यांत सूनबाई आपण होऊन त्या गाडींत बसल्या, आणि सर्व मंडळी वेल्सच्या डोंगरांतून आठ दिवस हिंडून आलीं. बहीणहि बरोबर होती. परत आल्यावर आम्हीं तिला विचारलें, गाडी कशी काय?

“गाडी चांगली आहे, अण्णा,” ती म्हणाली, “पण मागच्या बाजूला पाय ठेवायला जागा नाहीं. तेवढं त्याला लिहा!”