पिवळ्या पायांचे ऋण

कोंबडी-वड्यांचा बेत ठरला की रेडीपासून मालवणपर्यंत पहिली पसंती गावठी कोंबडीला. अंगणात चरणाऱ्या या कोंबडीचे पिवळे पाय सर्वांच्या ओळखीचे आहेत. मात्र हा पिवळेपणा तिने रानातून आणला, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

पाळीव कोंबडी उत्तरेकडील तांबड्या रानकोंबड्यापासूनच झाली, असे चार्ल्स डार्विनचे मत होते. मुख्य वंश तोच. पण 2008 मध्ये स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी पिवळ्या कातडीचे जनुक तपासले, तेव्हा ते करड्या रानकोंबड्याच्या जनुकाशी जुळले. हे जनुक कातडीतील रंगद्रव्य मोडणाऱ्या विकराचे काम मंदावते. त्यामुळे मका आणि हिरव्या पाल्यातून मिळणारे पिवळे द्रव्य कातडीत साठते.

करडा रानकोंबडा हा मोर आणि हिमालयातील मोनाल यांच्याच कुळातला. जगात तो फक्त भारतीय द्वीपकल्पात आढळतो. आंबोली, तिलारीच्या जंगलात पहाटे त्याची तुटक बांग ऐकू येते. नराच्या मानेवरील पिसांवर मेणासारखे चकाकणारे पिवळट ठिपके असतात. मासे पकडण्याच्या गळावरील कृत्रिम माशांसाठी या पिसांना परदेशात एवढी मागणी होती, की भारताला त्यांच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली.

आज धोका वेगळा आहे. जंगल तुकड्यातुकड्यांत विभागले, की वस्तीतली कोंबडी आणि रानकोंबडा जवळ येतात. राणीखेत रोगाचा विषाणू पाळीव आणि रानटी असा भेद करत नाही. संकर झाला तर रानातला मूळ वंशही पातळ होतो.

उपाय मात्र घराजवळच आहेत. पिल्लांना पहिल्याच आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून राणीखेतची लस देता येते. मेलेली कोंबडी रानाच्या कडेला न फेकता खोल पुरावी. रात्री कोंबड्या खुराड्यात कोंडाव्यात. राहिला प्रश्न शिकारीचा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती गुन्हा ठरते आणि रानकोंबड्याच्या मांसात जादा ताकद असते, या समजाला वैद्यकीय आधार नाही.

उद्या कोंबड्यांवर नवा रोग आला, तर त्याला तोंड देणारे एखादे जनुक याच रानात सापडू शकेल. त्यासाठी रानकोंबडा रानातच आणि निरोगी राहायला हवा.