भावनांची नावे

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत मी सहज म्हणून गेलो होतो. मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झाल्यावरही शाळेची घंटा ऐकू आली की माझी पावले आपोआप तिकडे वळतात. दुसरीच्या वर्गात इंग्रजीचा तास चालू होता. भिंतीवर एक रंगीत तक्ता टांगला होता आणि त्यावर पाच गोल चेहरे काढलेले होते : एक हसरा, एक रडवेला, एक रागाने लाल झालेला, एक भेदरलेला आणि एक पेंगुळलेला. खाली नावे होती हॅपी, सॅड, अँग्री, स्केअर्ड, बोअर्ड. बाई एकेका चेहऱ्यावर पट्टी ठेवीत आणि मुले एका सुरात ती नावे म्हणत.

मग बाईंनी प्रत्येकाला विचारले, "आज तुला कसे वाटते? ये, दाखव पाहू." बहुतेक मुलांनी धावत येऊन हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवले. एक मुलगा मात्र तक्त्यापुढे नुसताच उभा राहिला. "अरे, सॅड का बोअर्ड?" बाईंनी मायेने विचारले. त्याने दोन्ही चेहऱ्यांकडे आळीपाळीने पाहिले, मान हलवली आणि अगदी हळू आवाजात म्हटले, "बाई, करमंना."

चौकशी केली तेव्हा कळले, की दिवाळी होताच त्याचे आईवडील ऊसतोडणीसाठी दूरच्या कारखान्यावर गेले होते आणि तो आजीजवळ राहिला होता. त्याच्या मनात जे होते त्याचा चेहरा त्या तक्त्यावर नव्हता.

'करमत नाही' म्हणजे काय, याचा आपण कधी विचार केला आहे काय? ते केवळ दुःख नव्हे. ज्याला करमत नाही तो जेवतो, खेळतो, मधूनच हसतोही. तो कंटाळा नव्हे. कंटाळा नवे खेळणे मिळताच पळून जातो. ते एकटेपणही नव्हे. आजी घरात असते, सवंगडी दारात असतात, आणि तरीही मन कशात रमत नाही. ज्या माणसाच्या असण्याने घर घर वाटते, ते माणूस जवळ नसल्याची ही जाणीव आहे. सात वर्षांच्या मुलाने ती एका शब्दात सांगितली. अशा मुलाला 'सॅड का बोअर्ड' असे विचारणे म्हणजे पायाच्या मापाचा जोडा न शोधता जोड्याच्या मापाचा पाय शोधणे होय.

यावरून मी इंग्रजीचा विरोधक आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. आपल्या राज्यात पूर्वी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून शिकवीत असत. सन २००० पासून ते पहिलीपासून शिकवण्यास प्रारंभ झाला. त्या वेळी मी शिक्षक होतो आणि मी या निर्णयाचे मनापासून स्वागत केले होते. श्रीमंतांच्या मुलांनी ती भाषा तिसऱ्या वर्षी शिकावी आणि शेतकऱ्याच्या मुलाने दहाव्या वर्षापर्यंत वाट पाहावी, यात न्याय नव्हता. तसेच भावनांचे इंग्रजी शब्द मुलांना शिकवू नयेत, असेही माझे म्हणणे नाही. उद्या हीच मुले परप्रांतात व परदेशात जातील. तेथे आपल्या मनातले सांगण्याची पाळी त्यांच्यावर येईल. माझा प्रश्न एवढाच आहे : हे शब्द कशाच्या पाठोपाठ यावेत आणि कोणत्या रीतीने यावेत?

प्रथम रीतीचा विचार करू. मराठीत राग येतो, भीती वाटते, आनंद होतो, लाज वाटते. आपल्या वाक्यरचनेत भावना ही बहुधा बाहेरून आलेल्या पाहुण्यासारखी असते; ती येते, थोडा वेळ थांबते आणि जाते. इंग्रजीत मनुष्य 'आय अॅम अँग्री' असे म्हणतो. तेथे राग त्याच्या स्वतःच्या वर्णनाचाच भाग होतो. यांपैकी एक रीत चांगली व दुसरी वाईट, असे नाही. परंतु मुलाला सुटा शब्द दिला आणि वाक्याची घडण दिली नाही, तर ते मराठी वाक्याच्या फटीत तो शब्द बसवून मोकळे होते. 'मला सॅड वाटतंय' असे म्हणणारी मुले आज घरोघर आढळतात. हे धड इंग्रजीही नव्हे आणि धड मराठीही नव्हे. म्हणून भावना शिकवायची तर शब्द शिकवू नये, वाक्य शिकवावे. आणि ते वाक्य म्हणण्याचा प्रसंगही सांगावा.

आता क्रमाचा विचार. भावनांच्या छटा ओळखणे हे आपल्या परंपरेने कधी क्षुल्लक काम मानले नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायी भाव आणि तेहतीस व्यभिचारी भाव सांगितलेले आहेत. शास्त्र बाजूला ठेवले तरी आपली रोजची बोली काय कमी संपन्न आहे? रागावणे, चिडणे, संतापणे, धुसफुसणे, फुरंगटणे, रुसणे या प्रत्येक शब्दाचे घर वेगळे आहे. रुसायला तर समोर आपलेच माणूस लागते. परक्यावर कोणी रुसत नाही. भीती, धाक, दरारा, धास्ती यांतला भेद आपली आजी न शिकता जाणते. ओशाळणे, वरमणे आणि लाजणे यांची गल्लत ती कधी करीत नाही. इंग्रजीतही अशा छटा पुष्कळ आहेत. पण त्या दुसरीच्या मुलाच्या वाट्याला येत नाहीत. त्याच्या वाट्याला येतात तक्त्यावरचे पाच शब्द. हे पाच शब्द आले म्हणून बिघडत नाही. ते आल्यावर घरातले पन्नास शब्द निघून गेले, तर मात्र बिघडते.

आणि ते निघून जात आहेत. चिंता, काळजी, धाकधूक, हुरहूर, दडपण या सर्वांच्या जागी आज एकटे 'टेन्शन' येऊन बसले आहे. एकदा मी पाचवीच्या मुलांना घेऊन अजिंठ्याला गेलो होतो. सोळाव्या लेण्यात एका खिन्न स्त्रीचे जगप्रसिद्ध चित्र आहे. पती नंद भिक्षू झाल्याचे कळताच कोसळलेली ती सुंदरी होय, असे अभ्यासक मानतात. "हिला काय झाले असावे?" असे मी विचारले. एक मुलगी म्हणाली, "हिचं अवसान गळालं." दुसरा म्हणाला, "हिनं धसका घेतलाय." तिसऱ्याने सांगितले, "ही आतल्या आत कुढतेय." मुले चित्राच्या अधिकाधिक जवळ जात होती. इतक्यात एकजण म्हणाला, "सर, ती सॅड आहे," आणि बोलणे तेथेच संपले. शब्द चुकीचा नव्हता. पण तो ऐकल्यावर चित्राकडे पुन्हा पाहण्याचे कारण कोणाला उरले नाही.

कोणी म्हणेल, भाषा परके शब्द घेतच असते. मग ही भीती कशाला? हा आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर आमच्या मराठवाड्याच्या इतिहासातच आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. माझ्या वडिलांचे शालेय शिक्षणही उर्दूतूनच झाले. खूश, नाराज, फिकीर, शरम, हिंमत, दिलासा हे शब्द फारसी-अरबीच्या वाटेने शतकानुशतके मराठीत येत राहिले आणि आज ते आपलेच झाले आहेत. पण ते कसे आले? बाजारात, शेजारात, माणसांच्या सहवासातून ते आले आणि जुन्या शब्दांच्या शेजारी बसले. 'नाराज' आला म्हणून 'खिन्न' गेला नाही. दोघांनी आपापले काम वाटून घेतले. सहवासातून आलेला शब्द भाषेत भर घालतो. ज्याच्यामागे अनुभव नाही असा पाठ केलेला शब्द मात्र जुन्या शब्दाची जागा तेवढी अडवतो.

हा केवळ भाषेच्या अभिमानाचा प्रश्न असता, तर मी एवढे लिहिले नसते. मुलाच्या भावनेला चुकीचे नाव दिले, तर उपायही चुकतो. कंटाळलेल्या मुलाला आपण खेळ देतो, रडणाऱ्याचे डोळे पुसतो, भ्यालेल्याला जवळ घेतो. ज्याला करमत नाही त्याला यांतले काहीच पुरे पडत नाही. त्याला ते माणूस हवे असते, निदान त्या माणसाचा आवाज तरी हवा असतो. ज्या भाषेत मूल जोजवले गेले, त्याच भाषेत ते आपले दुखणे नेमके सांगू शकते. पाच चेहऱ्यांतला एक निवडण्याची सक्ती केली, तर ते गुरुजींना आवडेल त्या चेहऱ्यावर बोट ठेवील आणि आपले दुखणे झाकून ठेवायला शिकेल. त्या दिवशी हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवणाऱ्या मुलांपैकी कितीजण खरोखर आनंदात होते, हे आपणास कसे कळणार?

सुदैवाने त्या वर्गातील बाई समंजस होत्या. मधल्या सुट्टीत त्यांनी स्वतःच्या फोनवरून त्या मुलाच्या आईशी त्याचे बोलणे करून दिले. तो फार बोलला नाही, "कवा येनार?" एवढेच त्याने दोनदा विचारले. सुट्टीनंतर बाईंनी फळ्यावर तक्त्यात नसलेले एक वाक्य लिहिले : 'आय मिस माय मदर.' त्याचा अर्थ त्यांनी सांगितला आणि असे कोणाकोणाला वाटते, म्हणून विचारले. एका मुलीने मदर पुसून तेथे सासरी गेलेल्या बहिणीसाठी सिस्टर घातले. वर्गाने ते वाक्य तक्ता न पाहता म्हटले. इंग्रजीचा इतका चांगला तास मी क्वचितच पाहिला आहे. आणि तो 'करमंना' या शब्दापासून सुरू झाला होता.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे, की भावना शिकवताना मुलाला प्रथम त्याच्या बोलीत बोलू द्यावे आणि मग त्याला इंग्रजी वाक्य द्यावे. आणि हा पाठ वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनो, तुमच्या घरी लहान भावंड असेल, तर ते 'टेन्शन आलंय' म्हणेल तेव्हा त्याच्याजवळ बसून एवढेच विचारा, "म्हणजे नेमके काय होते रे तुला?" कदाचित ते जरा थांबेल, शब्द शोधील, तोवर तुम्ही उठून जाऊ नका.