न्यूट्रलमधली बचत

आमच्या मोठ्या भाईंची पिकअप आता चौदा वर्षांची झाली. कराड भागातलं आलं आणि भाजी घेऊन ती वाशीच्या मार्केटला जाते. येऊनजाऊन साधारण साडेपाचशे किलोमीटर. नवी गाडी घ्यायची ऐपत नाही, त्यामुळे आहे तिचंच अ‍ॅव्हरेज कसं वाढवायचं, हा घरातला नेहमीचा विषय.

ढाब्यावर विचारलं तर दोन उत्तरं मिळतात. पहिलं, डिझेलच्या पाइपला मॅग्नेट लावा किंवा टाकीत अमुक बाटली ओता. भाईंनी दोन्ही करून पाहिलं, खिसा तेवढा हलका झाला. दुसरं, उतार आला की गाडी न्यूट्रल करा, जमलं तर इंजिनच बंद करा. या दुसऱ्या सल्ल्याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे.

साताऱ्याकडून येताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. तिथल्या अपघातांच्या बातम्या आपण सगळेच वाचतो, आणि त्यांत न्यूट्रलचा उल्लेख वारंवार येतो. इंजिन बंद केलं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम तयार होत नाही. दोन-तीनदा पाय दाबला की पेडल दगडासारखं घट्ट होतं. पॉवर स्टेअरिंग असेल तर तेही जड होतं. इंजिन चालू ठेवून न्यूट्रल केलं तरी गाडी रोखायचा सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. शिवाय आयडलिंगला डिझेल लागतंच. उलट गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला, तर चाकं इंजिन फिरवतात आणि पंप डिझेल जवळजवळ बंद करतो. म्हणजे ज्या बचतीसाठी जीव टांगणीला लावायचा, ती घाटात फारशी होतच नाही.

खरी बचत वेगात आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 वरून 60 वर आलात तर तो जवळपास 44 टक्के कमी होतो. पिकअपसारख्या चौकोनी गाडीला, त्यात ताडपत्री फडफडत असेल तर, हा फरक मोठा पडतो. भाईंनी ताडपत्री घट्ट बांधली, एअर फिल्टर बदलला, टायर थंड असताना लोडप्रमाणे हवा भरायला सुरुवात केली आणि काटा साठच्या आसपास ठेवला. लिटरला 11 देणारी गाडी साडेबारा देऊ लागली. एका फेरीत सहा लिटर डिझेल वाचलं, म्हणजे पाचशेच्या वर रुपये.

मग सगळे असं का करत नाहीत? पावणेतीनशे किलोमीटरला 80 ऐवजी 60 ने गेलं तर एक तास दहा मिनिटं जास्त लागतात, आणि तो तास चालकाच्या हातात नसतो. माल भरायला शेतावर उशीर होतो, वाशीत सौद्याची वेळ कुणासाठी थांबत नाही, उशीर झाला की भाड्यातून पैसे कापले जातात. शेतावर गेलेला वेळ भाईंच्या पायाने भरून काढायचा, आणि त्या वेगात जळालेलं डिझेल परत मिळवायला उतारावर न्यूट्रल! चालकाला बेफिकीर म्हणण्याआधी हा हिशेब पाहावा.

भाईंनी माल देणाऱ्यांना सांगून टाकलं की, गाडी इशानंतर नाही, मगरीबनंतर लगेच सुटेल. दोन जणांनी काम काढून घेतलं. बाकीच्यांनी पोती वेळेवर भरायला सुरुवात केली.

वुजू करताना पाणी जपून वापरावं, अगदी वाहत्या नदीकाठी असलो तरी, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलं जातं. इसराफ फक्त लग्नाच्या मांडवात होत नाही. दुसऱ्याच्या दिरंगाईपायी रस्त्यावर जाळलेलं डिझेलही इसराफच आहे. तुम्ही कुणाच्या गाडीतून माल पाठवत असाल, तर तो तासभर आधी भरून द्या. जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढवायचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.