डिस्क बदलली म्हणून वॉरंटी जात नाही

वॉरंटीच्या मुदतीतल्या लॅपटॉपची ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, एवढ्याच कारणावरून अख्ख्या यंत्राची वॉरंटी नाकारली जाते. या तक्रारींचा साचा ठरलेला आहे. कीबोर्ड, डिस्प्ले किंवा चार्जिंग पोर्ट बिघडतो. यंत्र सर्व्हिस सेंटरला जाते. तळाचे कव्हर उघडताच दुसऱ्या कंपनीची एसएसडी दिसते आणि जॉबशीटवर ‘सीआयडी’ हा शेरा पडतो. नुकसान ग्राहकाच्या हातून झाले, असे सांगणारा हा शेरा एकदा पडला की पुढचे सगळे काम पैसे भरून करावे लागते. बिघडलेल्या कीबोर्डचा स्टोरेजशी काय संबंध, हे काउंटरवर कोणी सांगत नाही. ग्राहक तिथून थेट नागपुरातल्या बर्डीवरच्या दुकानात येतो आणि ज्याने डिस्क बदलली त्याच्याकडे भरपाई मागतो. गडचिरोली किंवा चंद्रपूरहून आलेल्या ग्राहकाचा तर एक दिवस आणि प्रवासखर्चही यात बुडतो.

एसएसडीचा फायदा दुरुस्तीच्या व्यवसायातल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. लहान फाइलींच्या विखुरलेल्या वाचनात जी डिस्क सेकंदाला जेमतेम एक एमबी देते, तिच्यावर विंडोज ११ चालवणे व्यर्थ आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे आठव्या पिढीपासूनची इंटेल यंत्रे घेऊन ग्राहक मोठ्या संख्येने दुकानात येत आहेत. यातली बरीच यंत्रे वॉरंटीबाहेर आहेत. प्रश्न उरतो तो तीन वर्षांच्या ऑनसाइट करारातल्या संस्थांच्या यंत्रांचा आणि वाढीव वॉरंटी विकत घेतलेल्या ग्राहकांचा. वॉरंटीसाठी जास्तीचे पैसे मोजलेल्यालाच तिचा लाभ नाकारला जातो.

मुळात कंपन्यांची स्वतःची कागदपत्रे काय सांगतात? डेल आपली सर्व्हिस मॅन्युअल्स आणि एचपी आपले मेंटेनन्स अँड सर्व्हिस गाइड संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले ठेवते. कोणता स्क्रू कुठला, बॅटरीचा कनेक्टर केव्हा काढायचा, डिस्कची पट्टी कशी सोडवायची, हे सगळे त्यात चित्रांसह दिलेले असते. लेनोवो ग्राहकाने स्वतः बदलण्याजोग्या भागांना ‘सीआरयू’ म्हणते आणि अनेक मॉडेलांत स्टोरेज त्याच यादीत येते. वॉरंटीचा मजकूर साधारणपणे दोन गोष्टी वगळतो: बाहेरून आणलेला भाग, आणि त्या भागामुळे किंवा तो बसवताना झालेले नुकसान. या दोन्हींशी संबंध नसलेला कीबोर्ड वॉरंटीतून बाहेर पडतो, असा अर्थ त्या मजकुरातून निघत नाही. काउंटरवरचा शेरा कंपनीच्याच लेखी अटींपलीकडे जातो. एकीकडे डिस्क कशी बदलावी याची चित्रे छापायची आणि दुसरीकडे ती बदलल्याबद्दल ग्राहकाला दंड करायचा, हा व्यवहार कोणत्याही कसोटीवर टिकणारा नाही.

कायद्याची बाजूही ग्राहकाला प्रतिकूल नाही. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतील त्रुटी, निर्बंधात्मक व्यापारी प्रथा आणि अन्यायकारक करार या तिन्हींच्या व्याख्या आहेत. मोटारींच्या सुट्या भागांच्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला. स्वतंत्र मेकॅनिककडे गेल्यास वॉरंटी रद्द, अशी सरसकट अट घालू नये आणि बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारावी, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. प्रकरण पुढे अपिलात गेले आणि आदेश मोटारींपुरता आहे, हे खरे. पण त्यातले तत्त्व लॅपटॉपला जसेच्या तसे लागू पडते. अमेरिकेत हे तत्त्व १९७५ च्या वॉरंटी कायद्यातच आहे. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये सहा कंपन्यांना लेखी ताकीद दिली होती आणि ‘सील तुटल्यास वॉरंटी रद्द’ या धर्तीच्या अटी तिच्या रोखावर होत्या.

भारतात असा थेट नियम अजून नाही आणि त्याबाबत दिल्लीची गती संतापजनक आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये निधी खरे यांच्या अध्यक्षतेखाली ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टल सुरू झाले. पोर्टलवर कंपन्यांनी दुरुस्तीची आणि वॉरंटीची माहिती द्यावी, अशी अपेक्षा होती. माहिती मिळणे आणि हक्क मिळणे यात फरक आहे. पोर्टलचा कागद दाखवून एकाही काउंटरवरचा सीआयडी शेरा पुसता येत नाही. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये भरत खेरा यांच्या अध्यक्षतेखाली दुरुस्तीक्षमता निर्देशांकासाठी दुसरी समिती आली आणि ३ मे २०२५ रोजी तिचा अहवाल सादर झाला. त्यात प्राधान्य मिळाले स्मार्टफोन आणि टॅब्लेटना. अग्रक्रमाच्या भागांत बॅटरी, डिस्प्ले, कॅमेरा, चार्जिंग पोर्ट, माइक, स्पीकर आहेत, स्टोरेज नाही. लॅपटॉपच्या दुरुस्तीवर पोट असलेल्या हजारो तंत्रज्ञांचा विचार या यादीत दिसत नाही.

मात्र सगळा दोष पलीकडच्या काउंटरचा नाही. सीआयडीचे काही शेरे बरोबर असतात आणि ते आपल्याच व्यवसायातल्या निष्काळजीपणाने ओढवून घेतलेले असतात. बॅटरीचा कनेक्टर न काढता डिस्क उपसणे, लांब स्क्रू आखूड जागी पिळून पामरेस्टवर उंचवटा आणणे, कव्हरच्या क्लिपा स्क्रूड्रायव्हरने तोडणे, ९.५ मिमीच्या कप्प्यात ७ मिमीची एसएसडी पट्टीशिवाय हलती सोडणे, हे प्रकार आजही घडतात. त्याहून वाईट म्हणजे बिल न देणे. अठरा टक्के जीएसटी वाचवण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर काम करणारा तंत्रज्ञ स्वतःचा एकमेव पुरावा स्वतःच नष्ट करतो. बिल नाही, छायाचित्र नाही, आधीच्या स्थितीची नोंद नाही, तेव्हा सर्व्हिस सेंटरचा शब्द अंतिम ठरतो. अशा सभासदांना पाठीशी घालणे विक्रेत्यांच्या आणि तंत्रज्ञांच्या संघटनांनी आता थांबवावे.

काम हाती घेताना आधी सीरियल नंबरवरून वॉरंटीची स्थिती पाहून तिची छापील प्रत जॉबकार्डला जोडावी. त्या मॉडेलचे मॅन्युअल वाचावे, कारण काही सडपातळ मॉडेलांत स्टोरेज बोर्डवरच सोल्डर केलेले असते किंवा ते काढण्याचे काम फक्त अधिकृत तंत्रज्ञाने करावे असे लिहिलेले असते. नंतर ग्राहकासमोर कीबोर्ड, डिस्प्ले, हिंज, सगळे पोर्ट आणि बॅटरी तपासून नोंद करावी आणि त्यावर त्याची सही घ्यावी. कव्हर उघडण्याआधी आणि उघडल्यावर छायाचित्रे काढावीत, विशेषतः ओलाव्याच्या खुणा आणि सील यांची.

बोर्डवर एम.२ स्लॉट मोकळा असेल तर डिस्क काढूच नये. स्लॉट साटाचा की एनव्हीएमईचा, लांबी २२८० की २२४२, हे पाहून एसएसडी जोडावी, बूट तिच्यावर न्यावे आणि जुनी डिस्क साठवणीला ठेवावी. मूळ भाग जागेवर राहतो, त्यामुळे वादाला फारसे निमित्त उरत नाही. क्लोन करण्यापूर्वी बिटलॉकरची रिकव्हरी की ग्राहकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून घ्यावी. ती नसताना क्लोनिंग सुरू करणे म्हणजे ग्राहकाचा डेटा पणाला लावणे होय. कंपनीचे रिकव्हरी पार्टिशनही सोबत न्यावे. विंडोजचा ओईएम परवाना मदरबोर्डशी बांधलेला असल्याने डिस्क बदलल्यावर तो पुन्हा विकत घ्यायला लावणे ही फसवणूक आहे आणि ती काही दुकानांत चालते. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल यंत्रांवर नव्याने विंडोज टाकताना डिस्क दिसली नाही तर आधी व्हीएमडीचा ड्रायव्हर पाहावा. एसएसडी खराब ठरवून परत पाठवू नये.

काढलेल्या मूळ डिस्कचे काय करायचे, यावर पुढचे बरेच अवलंबून आहे. ती फॉरमॅट करून यूएसबी केसमध्ये घालून देण्याची पद्धत बंद व्हावी. डिस्क आहे तशी अँटिस्टॅटिक पिशवीत सीलबंद करून वॉरंटी संपेपर्यंत ग्राहकाने जपावी, असे बिलावरच लिहावे. यंत्र सर्व्हिस सेंटरला देताना एसएसडी काढून मूळ डिस्क परत बसवावी. यात लपवाछपवी काही नाही. लेनोवोच्या मर्यादित वॉरंटीच्या अटींतच वॉरंटीत न बसणारे भाग सेवेआधी काढून ठेवायला सांगितले आहे. शिवाय ग्राहकाचा चालू डेटा घरीच सुरक्षित राहतो.

बिलावर एसएसडीचा सीरियल नंबर असावा आणि मजुरी वेगळ्या ओळीत ९९८७१३ या सॅक कोडखाली यावी. एसएसडीची स्वतःची तीन किंवा पाच वर्षांची वॉरंटी कोण देणार हेही लिहावे. मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशिअलचा किरकोळ व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. वॉरंटी सेवा चालू राहील असे कंपनीने म्हटले असले तरी त्या मालाचे बिल आता अधिकच जपायला हवे. फ्लॅश मेमरीचे भाव चढलेले असताना बनावट माल बाजारात शिरायला वेळ लागत नाही.

एवढे करूनही नकार आला, तर ग्राहकाला तीन प्रश्न लिहून द्यावेत: वॉरंटीच्या कोणत्या अटीनुसार नकार आहे, कोणते नुकसान आढळले, आणि त्या नुकसानीचा डिस्क बदलण्याशी संबंध काय. उत्तर लेखी मागावे. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तिथे निभाव लागला नाही तर जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे गडचिरोलीच्या ग्राहकाला नागपूरला यावे लागत नाही. अटच अन्यायकारक आहे असे म्हणणे असेल तर ती तक्रार राज्य आयोगाकडे जाते आणि त्याचे परिक्रमा खंडपीठ नागपुरात आहे.

अशा तक्रारीत डिस्क बदलणाऱ्या तंत्रज्ञाचे प्रतिज्ञापत्र मोलाचे असते. ते देण्यास सभासदांनी कचरू नये. विदर्भातल्या विक्रेत्यांच्या आणि तंत्रज्ञांच्या संघटनांनी असे लेखी नकार एकत्र करून ग्राहक व्यवहार विभागाकडे पाठवावेत आणि लॅपटॉपचे स्टोरेज निर्देशांकाच्या यादीत घालण्याची मागणी करावी. ज्या वाचकांकडे सीआयडी शेरा असलेल्या जॉबशीट आहेत, त्यांनी ग्राहकाचे नाव झाकून त्यांच्या प्रती संपादकीय विभागाकडे पाठवाव्यात.